चुलीमागे एक नारळ

सामंत,

शनिवारी तुमची शोकसभा झाली आणि तीत तुम्हाला समाजसेवक करण्यात आलं. तुम्ही असता तर मधेच उठून म्हणाला असता, ‘माफ करा, मी समाजशास्त्र शिकवतो. सेवा मी कुणाची केलेली नाही.’ अध्यक्ष आधी तुम्हाला ‘समाजवादाचे गाढे अभ्यासक’ म्हणाले. प्राचार्यांनी वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं, तेव्हा त्यांनी ‘समाजसेवेचे’ अशी दुरुस्ती केली. दोन्ही वेळा टाळ्या पडायच्या राहिल्या, कारण शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही हे पुढच्या रांगेला ठरवता येईना. दोन मिनिटांची शांतता सव्वा मिनिटात आटोपली. मी घड्याळ पाहत होतो. प्राचार्यही पाहत होते. तुमचा सुटा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून स्टाफच्या फोटोतून तुमचा चेहरा मोठा करून आणला होता. हाराखाली तुमच्या डाव्या खांद्याशी एक कान दिसतो. तो माझा आहे.

मलाही बोलायला सांगितलं. चार वर्षं एका टेबलावर बसणारे प्रा. राऊत आता दोन शब्द बोलतील, वगैरे. मी बोललो. सगळी वाक्यं व्याकरणाला धरून होती. जे सांगायचं होतं ते त्यांत नव्हतं.

ते आता तुम्हाला लिहितो आहे. वास्तविक तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी आपण कधी बोललो नाही. आपलं तर अहो-जाहोदेखील सुटलं नाही.

आपलं कॉलेज म्हणजे पालघरच्या शाळेची उसनी घेतलेली पत्र्याची शेड. सकाळी सात ते साडेदहा आपलं, नंतर शाळेचं. तुमचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, त्यामुळे माझ्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी समाजशास्त्र फुकट ऐकलं, आणि मीही. पहिल्या दिवशी तुम्ही कोल्हापूरच्या खणखणीत आवाजात विचारलंत, “समाज म्हणजे काय?”

पलीकडून कोणी तरी म्हणालं, “कुनाचा, सर?”

“कुणाचा म्हणजे?”

“म्हंजे आमचा का तुमचा? आमच्या समाजाचा हॉल हाय पालघरात. तुमचा कुटं हाय?”

तुमचा वर्ग हसला, माझाही हसला. मला वाटलं, आता हा नवा माणूस चिडणार. तुम्ही म्हणालात, “खाली बसू नका, उभे राहा. यांनी काय विचारलं ते सगळ्यांनी लिहून घ्या.” आणि फळ्यावर तुम्ही लिहिलंत : ‘समाज. कुणाचा?’ पुस्तकात चार ओळींत उरकलेली व्याख्या सोडून तुम्ही आठवडाभर त्या एका प्रश्नावर बसून राहिलात. आपल्याकडे समाज म्हटलं की माणसाला आधी जात ऐकू येते, हे मला इथं जन्मून कळलं नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण त्याचा तास होऊ शकतो हे ठाऊक नव्हतं.

पुस्तकं इंग्रजी, आणि पोरं दापचरी, मनोर, सातपाटी, बोईसर अशी कुठकुठून चालत नि एस.टी.नं येणारी. तेव्हा तुम्ही मराठीत टिपणं लिहायला घेतलीत आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिलीत. भांडणं तिथं सुरू झाली. समाजात कसं वागायचं याचे जे अलिखित नियम असतात, त्यांना मी ‘प्रमाणके’ असा शब्द दिला. तुम्ही तो खोडून ‘रीत’ लिहिलंत.

“रीत हा शब्द लग्नाच्या मांडवात शोभतो,” मी म्हणालो.

“मग मांडवात समाज नसतो का?” तुम्ही म्हणालात.

मी ‘सामाजिक स्थान’ लिहिलं की तुम्ही ‘मान’ करायचात. ‘नातेसंबंधव्यवस्था’ या माझ्या शब्दावर तर तुम्ही रेघही मारली नाहीत, समासात नुसतं लिहिलंत, ‘श्वास लागतो.’ परीक्षेत एकानं लिहिलं : ‘रीत मोडली की मानसं आपल्याशी बोलत नाहीत, याला सामाजिक नियंत्रण म्हनतात.’ तुम्ही दहापैकी आठ गुण दिलेत. मी म्हणालो, दोन ‘ण’ चुकले आहेत. तुम्ही म्हणालात, त्याचे दोन कापले ना.

या भांडणांची मला गोडी होती, हे आज लिहायला हरकत नाही. पण त्या गोडीच्या तळाशी काही तरी आंबट साचत होतं. मी मराठीचा प्राध्यापक. आणि चार वर्षं कोल्हापूरचा एक माणूस माझ्याच भागातले शब्द माझ्याच पोरांकडून उचलून माझ्या शब्दांवर बसवत होता.

मग गेल्या वर्षीची पाहणी. बोईसरहून तारापूरकडे नवा रस्ता जायचा होता आणि वाटेतला एक पाडा उठवून वरच्या माळावर बसवायचं ठरलं होतं. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी एक जागा मिळणार. सरकारी कचेरीकडे घरोघर फिरायला माणसं कमी, तेव्हा प्राचार्यांनी परस्पर कबूल करून टाकलं की आमचे समाजशास्त्राचे विद्यार्थी यादी करून देतील. कॉलेजचं नाव होईल, आणि कचेरीतले साहेब स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून येतील. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गाला म्हणालात, “कुटुंब म्हणजे काय ते पुस्तकात नंतर पाहू. आधी बघून येऊ.” मला बरोबर घेतलंत, कारण मी इथल्याच शिरगावचा, पाड्यावरची बोली मला येते.

बोईसर स्टेशनबाहेर तेव्हा जिकडे तिकडे पत्र्याच्या चाळी नि ट्रक. एक ड्रायव्हर आपल्या रांगेला बघून ओरडला, “ओ मास्टरजी, बारात लेके कहाँ चले?” तुम्ही म्हणालात, “लडकी देखने.” पोरं पाड्यापर्यंत हसत होती.

तिसरं की चौथं घर भिवाचं. तो ओसरीवर बसून सांगत होता नि एक विद्यार्थी लिहीत होता.

“घरात मानसं आठ.”

आतून बाईचा आवाज आला, “सात. मी वेगळी हाय.”

“वेगळी कुटं? एका घरात तर हाय.”

“घर एक हाय. चूल दोन हायत.”

ती हिराबाई. भिवाच्या थोरल्या भावाची बायको, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मागच्या पडवीत तिची तीन दगडांची चूल, दोन टोपं, मिठाची बरणी. भिवा म्हणाला, “आता एका बाईचं काय घर लिवायचं, मास्तर?” ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि तुमच्यापुढे उभी राहिली.

“गावदेवीला चुलीमागं एक नारळ देतात आमच्यात. याचा एक जातो, माजा एक जातो. इचारा त्याला, माजा नारळ घेतात का नाय?”

भिवा मान वळवून अंगणाकडे बघू लागला.

“देवीनं मना वेगळी धरली,” ती म्हणाली. “तुमी का नाय धरत?”

सामंत, तुमचा चेहरा त्या वेळी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा झाला होता. तुम्ही पोरांना म्हणालात, “पहिल्या घरापासून परत सुरू करायचं. दारं मोजायची नाहीत. चुली मोजायच्या, आणि प्रत्येक चुलीला विचारायचं की नारळ कोण देतं.” परतताना तुम्ही वाटभर बोलत होतात. म्हणालात, कुटुंबाची व्याख्या गावानं आधीच करून ठेवली आहे आणि दर वर्षी ती देवीपुढे फोडून तपासून घेतात; आपण फक्त लिहून आणली. मी हो हो म्हणत होतो. तेव्हा मी तुम्हाला एक सांगितलं नाही. शिरगावात आमच्या वाडीतल्या घरात माझा भाऊ आणि मी तीन वर्षांपासून वेगळे जेवतो. नारळ दोन जातात.

पाहणी झाली आणि तुम्ही आईच्या वर्षश्राद्धाला कोल्हापूरला गेलात. प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे तुमचा अहवाल होता.

“राऊत, हे काय आहे? चूल क्रमांक एक, चूल क्रमांक दोन. पाहुण्यांच्या हातात द्यायचं आहे हे. खानावळीचा हिशेब वाटतो.”

“सामंतांनी तसंच मोजलं आहे, सर.”

“मोजू द्या. भाषा तुमच्याकडे आहे ना? ‘घर’ करा. एका छपराखाली एक घर. सुटसुटीत होईल, साहेबांनाही तेच सोयीचं आहे.”

मी म्हणू शकलो असतो की हा भाषेचा प्रश्न नाही. निदान, सामंत येईपर्यंत थांबू, एवढं तरी. मी लाल शाईचं पेन काढलं आणि स्टाफरूममध्ये एकट्यानं दुपारभर बसलो. ‘हिराबाई, विधवा, चूल स्वतंत्र, नारळ स्वतंत्र’ ही ओळ खोडली आणि भिवाच्या ओळीत सातचे आठ केले. बेरीज बरोबर आली. अशा आणखीही काही ओळी होत्या.

प्राचार्यांना घाबरलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना मी कधीच घाबरलो नाही. त्यांच्या भाषणांवर मागच्या बाकावर बसून सगळ्यांत जास्त मीच हसतो. खरं एवढंच आहे की मला बरं वाटत होतं. चार वर्षं तुम्ही माझे शब्द खोडत होतात. त्या दुपारी मी तुमचा खोडला.

तुम्ही परत आलात तोवर अहवाल तुमच्या नावानं निघून कचेरीत पोचला होता. साहेब संमेलनाला येऊन, हार घालून घेऊन, तरुणांनी खेड्याकडे चलावं असं सांगून जीपनं गेले होते. तुम्ही स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या प्रत चाळलीत.

“चूल कुठं गेली?”

“ग्राम्य शब्द होता,” मी म्हणालो. “घर केलं.”

तुम्ही जरा वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, “तुम्ही शिरगावचे ना?”

बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर आपण एक शब्द बोललो नाही.

तुम्ही कचेरीला दुरुस्तीचं पत्र लिहिलंत. प्राचार्यांनी त्याला जावक क्रमांक देऊ दिला नाही, आणि जावक क्रमांक नसलेलं पत्र कचेरीत पत्र समजत नाहीत, निबंध समजतात. पावसाळ्यात पाड्यावर यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी हिराबाई कॉलेजात आली. तुम्ही व्हरांड्यात होतात. मी आत, खिडकीशी, उत्तरपत्रिकांत डोकं घालून.

“सर, तुमी माजा नारळ लिवला होता.”

“लिहिला होता.”

“मंग कागदात मी भिवाच्या घरात कशी? आता वरती गेल्यावर तो मना पडवी पन देनार नाय. बोलला तसा.”

“चूक माझी झाली, बाई.”

“तुमची? तुमी तर शिकलेले.”

“म्हणूनच.”

तुम्ही मागं वळून पाहिलं असतंत तर मी दिसलो असतो. तुम्ही पाहिलं नाहीत. मला वाटतं, मुद्दामच.

तिनं पाड्यात जाऊन सांगितलं असणार, कारण यंदाच्या वर्गाला घेऊन तुम्ही तिकडे गेलात तेव्हा पोरांना ओसरीवरूनच परत पाठवलं. “त्या लबाड सरांची पोरं काय? पानी प्या आनि जा.” त्यानंतर तुम्ही पाहणी बंद केलीत. कुटुंब हा धडा यंदा तुम्ही इंग्रजी पुस्तकातून सांगितलात. तट्ट्याच्या या बाजूला मी ऐकत होतो. तुम्ही व्याख्या सावकाश, विरामचिन्हांसकट सांगत होतात आणि पोरं लिहून घेत होती. एकानंही ‘कुनाचं, सर?’ असं विचारलं नाही. टिपणं तपासायला माझ्याकडे आली तेव्हा त्यांत माझे सगळे शब्द होते. प्रमाणके, सामाजिक स्थान, सगळं. मी जिंकलो होतो. समासात तुम्ही काही लिहिलं नव्हतंत.

तुमच्यावर माझा एक राग आहे, सामंत, आणि तो तुम्ही गेलात म्हणून आवरता घेणार नाही. तुम्ही माझ्याशी भांडला असता तर काय बिघडलं असतं? चारचौघांत म्हणाला असता, ‘राऊत, तुम्ही त्या बाईची जागा खाल्लीत,’ तर मी काही तरी वाकडं उत्तर दिलं असतं, तुम्ही त्यावर बोलला असता, आणि कधी ना कधी मी कचेरीत गेलो असतो. मोठेपणा मिरवणाऱ्यांना कसं हाताळायचं ते मला येतं, जन्मभर तेच केलं. पण तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत आणि रोज दहा वाजता माझा चहाही मागवत राहिलात. अशा माणसापुढे थट्टा चालत नाही आणि क्षमा मागायला तोंड उघडत नाही. तुम्ही मला सोडलंत असं तुम्हाला वाटलं असेल. मी तिथंच बसून होतो.

तापाची रजा आहे म्हणून कळलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याचा निरोप आला. मी भेटायला यायचं उद्यावर टाकलं होतं.

तुमचे भाऊ खोली रिकामी करायला आले. भांडी, अंथरूण त्यांनी घेतलं आणि कागद मला दिले. “तुमचं नाव पत्रांतून असायचं,” ते म्हणाले. “दादा लिहायचा, राऊतांसारखा भाषेचा माणूस नाही.” ट्रंकेत पाहणीच्या मूळ वह्या होत्या, पोरांच्या अक्षरातल्या, चुलींसकट. आणि कचेरीला लिहिलेल्या चार पत्रांच्या नकला. चारही मी वाचल्या. ‘माझ्या हातून’, ‘माझ्या दुर्लक्षामुळे’, ‘मी जबाबदार’. माझं नाव शोधलं. कुठंच नाही.

शनिवारी सभा झाली. सोमवारी रजा टाकून, वह्या पिशवीत घालून मी पाड्यावर गेलो.

हिराबाई वालाच्या वाफ्यात तण काढत होती. तिनं ओळखलं. “तुमी त्या दिशी बरोबर होतात ना? आमच्यावानी बोलनारे.”

“होतो.”

“तो सर कुटं हाय?”

“गेले. पंधरा दिवस झाले.”

ती हातातलं खुरपं तसंच धरून उठली. “गेले? आगं बाय. मी गावभर त्यांना लबाड बोलले.”

“ते लबाड नव्हते. चूल मी खोडली. त्यांना न सांगता.”

तिनं खुरपं खाली टाकलं. “तुमी? तुमाला तर नारळाचं ठावं होतं.”

“ठाऊक होतं.”

ती ओरडेल म्हणून मी तयार होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बांधावर जाऊन हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, “चला मंग.”

कचेरीत कारकुनानं वह्या उलटसुलट करून पाहिल्या. “हरकतीची मुदत संपली, मास्तर.”

“ही हरकत नाही. कबुली आहे.”

“कबुलीचा फॉर्म नसतो आमच्याकडं.”

मी साध्या कागदावर लिहून दिलं : मूळ पाहणीत प्रा. सामंत यांनी चुली मोजल्या होत्या. अहवालात फेरफार मी, प्रा. राऊत, याने केला. सामंतांचा त्यात दोष नाही. ‘चूल’ हा शब्द पाच वेळा आला. हिराबाईनं खाली अंगठा दिला. कारकुनानं शिक्का मारून कागद फायलीला टोचला.

“हिला जागा मिळेल का?” मी विचारलं.

“जागा तर वाटून झाल्यात. एखादी उरली तर साहेब बघतील.” मग हिराबाईकडे पाहून तो जरा नरम झाला. “मावशी, महिन्यानं एकदा येऊन बघा.”

उद्या ही कबुली मी प्राचार्यांच्या टेबलावरही ठेवणार आहे. त्यांनी तिला जावक क्रमांक दिला नाही तरी चालेल. पाड्यातही सांगितलं आहे, भिवाच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत. तुमचं नाव तिथं तरी आता साफ आहे. माळावरच्या जागेचं मात्र मी काही सांगू शकत नाही, आणि मला वाटतं, ती गेलीच.

कचेरीतून निघून आम्ही एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. हिराबाईनं पदराची गाठ सोडून तिकिटाचे पैसे मोजले. मग म्हणाली, “हे आदी का नाय सांगितलंत? ते सर जिते होते तवा?”

मी म्हणालो, एस.टी. येईलच आता.

“एस.टी.चं नाय इचारलं,” ती म्हणाली.

तिला मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतो. तुम्ही होतात तोवर माझी चूक सांभाळायला एक भला माणूस होता, सामंत, आणि मला दुसरी काही सोय करावी लागत नव्हती.